गळती अकराला सुरू होईल

रासायनिक वायूला शिस्त नसते, असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडची मॉक ड्रिल पाहिलेली नाही. तिथला वायू बरोबर अकराला गळतो. साहेबांची गाडी आली नसेल तर थांबतो. मंडपाच्या दिशेने तर कधीच सरकत नाही. बेशुद्ध कुणी पडायचं हे आदल्या दिवशीच ठरतं. त्यातला एक स्ट्रेचरवर डोळे मिटूनच 'चहा आला का रे?' विचारतो. टेबलावर चादर अंथरून एका कंपनीकडून मागून आणलेला श्वसनयंत्राचा बीए सेट मांडतात. फोटो झाला की तो परत.

कागदावर कसलीच कमतरता नाही. भोपाळनंतर घातक रसायनांसाठी १९८९ चे नियम आले, १९९६ चे आले, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आला. पहिल्या नियमांना वर्षही झालं नव्हतं, तोच ५ नोव्हेंबर १९९० ला रोहा तालुक्यातल्या नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात वायूने तीसहून जास्त माणसं मारली. त्याला बहुधा राजपत्र मिळालं नसावं.

आता समजा, त्याच तालुक्यातल्या धाटावच्या एमआयडीसीकडे निघालेला टँकर वडखळ नाक्यावर कलंडला. एनडीआरएफची बटालियन घाटापलीकडे, पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. ती येईपर्यंत हजर कोण? वडापाववाला, चार रिक्षावाले, व्हिडिओ काढणारी पोरं, 'डिझेल असेल तर' म्हणून कॅन घेऊन धावलेला एक दूरदर्शी गृहस्थ, आणि नाकाला रुमाल बांधलेला हवालदार. टँकरच्या पाठीवर चार आकडे लिहिलेले असतात. १०१७ म्हणजे क्लोरीन. शेजारी फोन नंबरही असतो. हे हवालदाराला कुणी सांगितलेलं नाही. तो ड्रायव्हरचं लायसन मागतो. गर्दीतला जाणता ओरडतो, 'खाली बसा रे!' क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तोही खालीच बसायला येतो. वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंचावर पळायचं असतं, पण ड्रिलमध्ये गावकऱ्यांचं काम टाळ्या वाजवायचं असल्याने ते कुणाला ठाऊक नाही.

पुढच्या तालमीची तयारी म्हणे जोरात आहे. मंडप मोठा, चहाबरोबर यंदा कांदाभजीही. नाक्यावरच्या हवालदाराचीही आठवणीने सोय केली आहे. त्याला त्या दिवशी पार्किंगची ड्युटी.