तोडगे वकील

तोडगे हे आडनाव नव्हे, हुद्दा आहे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कोणत्याही कोर्टाच्या आवारात असा एक जण हमखास भेटतो. केस पिकलेले, काळा कोट विटलेला. अर्धं आयुष्य लोकांच्या संसाराचे दावे लढवण्यात गेलं. आता ते मिटवण्याचा ध्यास लागलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने आखलेलं मध्यस्थीचं 40 तासांचं प्रशिक्षण त्यांनी केलं. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून कुटुंब समुपदेशनाचा पदव्युत्तर डिप्लोमाही केला. ज्या वयात माणसं नातवाला शाळेत सोडतात, त्या वयात हे स्वतःच दप्तर घेऊन बाकावर बसले.

अशा प्रशिक्षणात सोंगं घ्यायला लावतात. कोणी नवरा व्हायचं, कोणी बायको, कोणी मध्यस्थ. तोडग्यांच्या वाट्याला सासू आली. ती त्यांनी अशी वठवली, की सून झालेले तासगावचे वकीलसाहेब चहाच्या सुट्टीतही त्यांच्याशी बोलेनात.

इथवर ठीक चाललं होतं. पुढच्या धड्यात सांगितलं, की मध्यस्थाने सल्ला द्यायचा नाही. चूक कोणाची, हेही ठरवायचं नाही. ऐकायचं, विचारायचं आणि तोडगा त्या दोघांच्याच तोंडून येईपर्यंत दम धरायचा. ज्याने सल्ले विकून दुमजली घर बांधलं, त्याला हे सांगणं म्हणजे साताऱ्याच्या हलवायाला कंदी पेढ्याकडे बघू नकोस म्हणण्यासारखं.

त्यात आपली माणसं! 2023 साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला, पण येणाऱ्याला अजूनही पंचच हवा असतो.

"आवं वकीलसाहेब, तुमीच सांगा की, चूक कुणाची?"

"तुम्हांला काय वाटतं?"

"आमाला काय वाटतंय ते आमाला ठावं हाय. तुमाला काय वाटतंय?"

तोडगे पाण्याचा ग्लास उचलतात. परस्परसंमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची मुदत कोर्ट योग्य प्रकरणात माफ करू शकतं, हे 2017 सालीच ठरलंय. ते त्यांच्या अगदी जिभेवर आलेलं असतं. पण तो सल्ला झाला. पाण्याबरोबर तोही गिळतात.

कोंडलेला सल्ला मग इतिहास होऊन बाहेर पडतो. इतिहासाला प्रशिक्षणात बंदी नाही. "शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे. चुलतभाऊ! 1731 ला वारणेचा तह केला, नदी हद्द धरली, मिटलं. पटवर्धनांचं बघा. चिंतामणराव चुलत्याशी पटेना म्हणून मिरजेतून निघाले, सांगली उभी राहिली. वेगळं होणं म्हणजे बुडणं नव्हे." समोरची बाई शांतपणे विचारते, "मग माझी भांडी कधी मिळायची?"

तरी माणूस कच्चा नाही. डिप्लोमाच्या पुस्तकातलं कुटुंब एका छपराखाली राहून भांडतं. आमच्याकडे विट्याचा गलाईवाला दूर कुठल्या शहरात सोनं गाळतो आणि बायको गावी सासूजवळ असते. पाटण-जावळीचा माथाडी मुंबईत पाठीवर ओझी वाहतो. वर्षाचं भांडण यात्रेच्या चार दिवसांत उरकावं लागतं, तेही पाहुण्यांदेखत. तोडग्यांनी हे ओळखलंय. ते आधी विचारतात, "घरी शेवटचं कधी आला होतात?" वयाने त्यांच्या निम्मी असलेली, जकातवाडीच्या समाजकार्य महाविद्यालयातून प्रत्यक्षकामाला आलेली मुलगी तो प्रश्न वहीत लिहून घेते. माझ्या मते अख्ख्या डिप्लोमापेक्षा तो एक प्रश्न कामाचा आहे.

मध्यस्थीतलं बाहेर फोडायचं नसतं, आणि तोडगे फोडतही नाहीत. पुढचं मला त्या नवराबायकोनेच सांगितलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि ते जुळलं, म्हणून खरं मानतो. नवरा साताऱ्याचा, बायको सांगलीला माहेरी. घटस्फोट ठरला, पोटगी ठरली. सात वर्षांच्या पोराची ने-आण कुठे करायची, यावर सगळं अडलं. मधलं गाव कराड, हे दोघांना कबूल. पण कराडात कुठे? इथे तोडग्यांचा दम सुटला. सगळं प्रशिक्षण बाजूला ठेवून त्यांनी आयुष्यातला सर्वांत उत्साही सल्ला दिला: "प्रीतिसंगमावर! बाग आहे, सावली आहे, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात…"

"प्रीतिसंगम नको," दोघं एकदम म्हणाली. खोलीत शिरल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं एका सुरातलं एकमत. तोडग्यांनी ते लगेच कागदावर घेतलं.

शेवटी एस.टी. स्टँड ठरलं. चौकशी खिडकीपाशी, दर दुसऱ्या शनिवारी, सकाळी 10 वाजता. पोराचं दप्तर सोबत, मोबाईल नाही. गाडी चुकली तर कोणी कोणाला फोन करायचा, हा मुद्दा तेवढा पुढच्या तारखेवर गेलाय.