मागे सरका!

सर्पमित्राला गावात मान असतो. रात्री न्हाणीघरात काही सळसळलं की लोक त्याला अंथरुणातून उठवून आणतात, तो बरणीत साप भरतो आणि दुसऱ्या दिवशी बरणीसकट त्याचा फोटो पेपरात येतो. पक्षीमित्राचं तसं नाही. आजवर एकही बदक कोणाच्या न्हाणीघरात फणा काढून बसलेलं नाही. त्यामुळे हा माणूस नेमका कशाच्या उपयोगाचा, हे तालुक्याच्या गावाला शेवटपर्यंत उमगत नाही. तो पहाटे उठतो, मातकट सदरा घालतो, गळ्यात दुर्बीण अडकवतो आणि धरणाकडे निघून जातो. दुपारी रिकाम्या हातांनी परत येतो. "काय भेटलं रे भो?" असं विचारलं तर सांगतो, "दिसले." म्हणजे इतकं पेट्रोल जाळून नुसते दिसले!

असा एक माणूस महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्याला सरकारने नेमून दिल्यासारखा असतोच. बहुतेक ठिकाणी तो शाळामास्तर असतो, काही ठिकाणी बँकेत असतो. आमच्या यावलला तो एसटीचा निवृत्त कंडक्टर आहे. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं.

आप्पांचा आवाज असा, की त्यांनी फैजपूरच्या स्टँडवर "चला भुसावळ, भुसावळ!" असा पुकारा केला की केळीच्या बागेत घड कापणारा माणूस विळा टाकून निघायचा. शिवाय बातम्यांची वाहतूक होतीच. कोणाच्या पोरीला पाहायला कुठून पाहुणे आले, कोणाचा भाऊहिस्सा कोर्टात गेला, हे सगळं आप्पांच्या गाडीत विनातिकीट फिरायचं. यावलला चढलेली बातमी सावद्याला उतरेपर्यंत तिला दोन पोरं झालेली असत. अशा माणसाला निवृत्तीनंतर छंद कोणता लागावा? ज्यात बोलायचं नसतं आणि जे दिसलं ते सांगायचं नसतं, असा.

त्याला कारण झाली पक्षीगणना. दर जानेवारीत आशियातल्या पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासूनची ही रीत आहे. आमच्याकडे वरणगावच्या 'चातक' संस्थेची मंडळी हतनूरवर ती करतात. एका वर्षी त्यांच्यासोबत गेलेल्या पोरांनी आप्पांना गंमत म्हणून गाडीत घेतलं. पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा काळाभोर गालिचा पसरला होता. पलीकडे मुक्ताईचं मेहूण असल्यामुळे वारकऱ्यांनी तिथे गर्दी करणं तसं रीतसरच. पोरं पद्धतीप्रमाणे दहाचा एक गठ्ठा डोळ्यांनी मोजून त्यावरून थव्याचा अंदाज बांधत होती. आप्पांना 'अंदाजे' हा प्रकारच माहीत नव्हता. हलत्या गाडीत, खचाखच गर्दीत, डोकी मोजून वे-बिल जुळवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी एकेक डोकं मोजायला घेतलं. मोजणी संपत आली आणि वरून दलदल ससाण्याने एक घिरटी मारली. सगळा गालिचा उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला. दुसरा कोणी असता तर वही फेकली असती. आप्पांनी पान उलटलं आणि म्हणाले, "पुन्हा चढले. पहिल्यापासून मोजा." त्या दिवसापासून ते या नादाला लागले.

आता त्यांच्या वहीत सगळं आगाराच्या भाषेत असतं. बारा महिने इथेच राहणारे टिटवी, शेकाट्या, नदी सुरय हे 'पासवाले'. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हे 'लांब पल्ल्याचे'. आणि पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या ओढलेला तो राखी हंस, हिमालय ओलांडून येतो म्हणून त्याच्यापुढे 'विनाथांबा'. पिल्लांची नोंद 'हाफ'.

हतनूर हे या लोकांचं पंढरपूर का, ते थोडं सांगायला हवं. तापीवरचं हे धरण १९८२ साली पुरं झालं. त्याला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडले की जळगाव जिल्ह्यात तीच बातमी असते. वर चांगदेवला पूर्णा येऊन मिळते. दोन्ही नद्या बरोबर एवढा गाळ आणतात की पाटबंधारे खातं कपाळाला हात लावून बसलेलं असतं. पण जो गाळ इंजिनिअरला खुपतो, तोच पक्ष्याला मानवतो. गाळामुळे उथळ पाणी तयार होतं, पाणवनस्पती माजतात, मधेच बेटं वर येतात. ज्यांना बुडी मारता येत नाही, ज्यांचे पाय लांब आहेत, ज्यांची चोच चिखलात खुपसण्यासाठीच घडवली आहे, त्या सगळ्यांची ऑक्टोबर ते मार्च इथे सोय होते. त्यामुळे गाळ काढण्याची मागणी निघाली की सगळा तालुका टाळ्या वाजवतो आणि आप्पा तेवढे गप्प बसतात.

पण आप्पांचं खरं रूप पाहायचं तर एखादी मोठ्या शहरातली गाडी आली असताना पाहावं. गेल्या हिवाळ्यात मी ते पाहिलं. पांढऱ्या गाडीतून तिघे उतरले. अंगावर झाडाझुडपांची नक्षी, हातात तोफेएवढ्या लेन्स. काठाच्या हिरवळीवर पट्टकदंबांचा थवा चरत होता. त्यातल्या एकाने होडीवाल्या भोयाला खूण केली, "दादा, होडी जरा त्यांच्यात घाला ना. उडवून द्या. फ्लाइट शॉट पाहिजे."

आप्पा उठले. एरवी त्यांनी जी गर्जना केली असती तिने पलीकडच्या काठावरची म्हैस उभी राहिली असती. पण गर्जना केली तर पक्षी उडणार, आणि भांडण तर तेवढ्यासाठीच होतं. तेव्हा खानदेशच्या इतिहासातलं पहिलं कुजबुजतं भांडण सुरू झालं.

"साहेब," आप्पा त्याच्या कानाशी जाऊन पुटपुटले, "मांगे सरका."

"तुम्ही कोण?" तोही दबक्या आवाजात.

"मी कोणी नाही. हे मातर हिमालय उतरून आले. दोन घास खाऊ द्या. रोज कोणी ना कोणी उडवतं, मंग यायनी चरायचं कधी? परतीचा पल्ला उपाशीपोटी मारायचा का?"

"आम्ही परवानगी घेतली आहे."

"कोणाची? हंसाची?"

पाच मिनिटं हे चाललं. दोघांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, बोटं एकमेकांच्या नाकापर्यंत गेली होती, आणि आवाज मात्र सत्यनारायणाच्या कथेत शेजारणी बोलतात तेवढा. शिवी कुजबुजून देता येत नाही, हे मला त्या दिवशी पटलं. तिच्यातला सगळा जोर निघून जातो आणि ती आशीर्वादासारखी वाटायला लागते. होडीवाल्याला वाटलं, आप्पा पाहुण्याला गुरुमंत्र देऊन राह्यले. त्याने आदराने टोपी काढून हातात धरली.

तेवढ्यात मागच्या मळ्यात भरीत पार्टीचा डीजे सुरू झाला. पहिल्याच ठोक्याला सगळे पट्टकदंब उठले, डोक्यावरून ओरडत, रांग धरत, असे गेले की पाहत राहावं. फ्लाइट शॉट तो हाच. पण भांडताना तिघांच्या लेन्स जमिनीकडे वळलेल्या, त्यामुळे फोटो कोणालाच मिळाला नाही. पक्षी गेले, म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती. आप्पांनी छाती भरून श्वास घेतला आणि त्यानंतर जे ऐकवलं ते चांगदेवच्या देवळापर्यंत पोचलं असावं.

दुर्मिळ पक्ष्यांच्या बाबतीत त्यांचा स्वभाव याहून अवघड आहे. नवीन पोरं काही वेगळं दिसलं की वहीत लगेच मोठं नाव लिहायला धावतात. आप्पा हात धरतात. "शेपटी पाह्यली? पंखावरची पट्टी पाह्यली? मंग लिहायचं, 'बदक, ओळख पटली नाही.'" त्यांच्या वह्यांत ओळख न पटलेल्या बदकांची पानंच्या पानं आहेत. मला तरी या पानांमुळेच त्यांच्या बाकीच्या पानांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

आणि एक पक्षी असा, की त्याचं नाव निघालं की आप्पा गप्पच होतात. रानपिंगळा. यावलच्या उत्तरेला सातपुड्यात १९६९ पासूनचं अभयारण्य आहे, मध्य प्रदेशाच्या हद्दीला टेकलेलं. त्यात हा राहतो. गावातल्या पिंगळ्याचा भाऊच, पण याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरं आणि घुबड असून दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर शेपूट हलवत बसण्याची खोड. १८७३ साली ह्यूमने त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने त्याचे काही नमुने जमवले, शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर शंभरावर वर्षं हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नाही. मधे रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या एका कर्नलने मात्र आपण तो १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवल्याची चिठ्ठी नमुन्यावर लावून ठेवली होती.

ही गोष्ट सांगताना आप्पांचा कंडक्टर जागा होतो. कारण तो नमुना कर्नलचा नव्हताच. लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा जुना नमुना उचलून, त्यात नव्याने भुसा भरून, चिठ्ठी बदलून त्याने आपला म्हणून दाखवला होता. "जुनं तिकीट, तारीख खोडलेली!" आप्पा म्हणतात. "आणि ८० वर्षं एका मायच्या लालानं पंच पाह्यला नाही." तो पाहिला पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी. मांडवीची नोंद बाद करून त्या डेव्हिडसनच्या जुन्या जागांकडे वळल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! सापडला तेव्हा तो धुळे जिल्ह्यात होता. पुढच्या जुलैत नंदुरबार जिल्हा झाला आणि फांदीवरून न हलता त्याचा जिल्हा बदलला.

यातून आप्पांनी जो धडा घेतला तो मोठा पंचाईतीचा आहे. पक्ष्याची जागा सांगायची नाही, कारण मागोमाग दोन प्रकारचे लोक येतात. एक कॅमेरावाले. ते मोबाइलवर त्याचाच आवाज लावतात आणि तो बिचारा, हद्दीत दुसरा नर आला म्हणून, शिकार सोडून खोट्या भांडणाला धावतो. दुसरे त्याहून वाईट, दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास घुबडं शोधत फिरणारे. जादूटोण्याच्या नावाखाली अजूनही घुबडांचे जीव जातात. तेव्हा सांगायचं फक्त वनखात्याला. पण चुकीची जागाही सांगायची नाही! तसं केलं तर आपल्यात आणि त्या कर्नलमध्ये फरक काय? खोटं बोलायचं नाही, खरं सांगायचं नाही, आणि जन्मभर ज्याने प्रत्येक थांबा ओरडून सांगितला त्याने हे पाळायचं.

यावर आप्पांनी काढलेला तोडगा खास आमच्या भागातला आहे. पुण्या-मुंबईचा पाहुणा रानपिंगळ्याचा पत्ता विचारत आला की आप्पा त्याला पहाटे घरी बोलावतात. "आधी न्याहारी करू." न्याहारी म्हणजे बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, हिरव्या मिरच्या-लसूण घालून बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात आणि तेलाचा हात सैल. सोबत पुऱ्या. नको म्हटलं तर कळण्याची भाकरी. तीही नको म्हणायच्या आत दुसरी पुरी पडते. नऊ वाजेपर्यंत पाहुणा लोडाला टेकलेला असतो, दहाला घोरत असतो. उठतो तेव्हा सातपुड्यावर उन्हं कललेली असतात. मग आप्पा त्याला हिंगोण्याजवळच्या मोर धरणावर नेतात आणि पासवाल्यांची ओळख करून देतात. पाहुणा खूश होऊन जातो. पत्ता विचारायचा राहिला, हे त्याला बहुधा चाळीसगाव ओलांडल्यावर आठवतं.

सगळं सुरळीत होतं, पण उन्हाळा लागला. मे महिन्यात आमच्याकडे अख्खी गल्ली गच्चीवर झोपते. आणि आप्पा झोपेत बोलतात, बोलतात म्हणजे पुकारा करतात. "सांगवी... हिंगोणा... फैजपूऽऽर... चला उतरा पटापट!" गल्लीला त्याची सवय आहे; लहान पोरं तर त्यावर झोपी जातात. पण एका रात्री फैजपूरनंतर सावदा यायच्या ऐवजी भलतंच नाव आलं. तिथे एसटी जात नाही. रस्ताच नाही, नाला आहे आणि सागाचं जंगल आहे. शेजारचा दूधवाला उठून बसला. मीही उठून बसलो. काकूंनी आप्पांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्याकडे आले, काही न बोलता बराच वेळ बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही लिहिता-बिहिता. ते नाव..." मी म्हटलं, "कुठलं नाव?" तेवढ्यावर त्यांना चहा गोड लागला. दूधवाल्याचं काय केलं ते मला माहीत नाही, पण त्या आठवड्यात त्याच्या घरून भरताचा वास येत होता.

तेव्हापासून ते खालच्या खोलीत झोपतात, खिडक्या लावून, कूलर चालू ठेवून, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. कूलर रोज रात्री स्वतः भरतात. परवा काकू ओट्यावर शेंगा सोलत आमच्या हिला सांगत होत्या, "एका घुबडासाठी ४५ डिग्रीत खाली झोपू राह्यले, बाई. आणि मी म्हणे तवा या माणसानं कूलरमधी एक बादली पाणी टाकलं नाही कधी."