क्राफ्टवाले पप्पा

ऑक्टोबर सरत आला की इटियाडोह धरणाच्या परिसरात दोन माणसं रात्री जागी असतात. एक, धानाच्या बांधीतून रानडुकरं हाकलणारा शेतकरी. दुसरा, नर्सरीतल्या लेकराचा बाप. पहिल्याच्या हातात टॉर्च असतो, दुसऱ्याच्या हातात फेव्हिकॉल.

कारण कॉन्व्हेंटच्या ग्रुपवर मेसेज आलेला असतो : ३१ ऑक्टोबर, हॅलोवीन, मुलांसोबत एखादी सोपी वस्तू करून आणा. त्यातलं ‘सोपी’ पप्पांना दिसतच नाही आणि ‘मुलांसोबत’ तर ते वाचतच नाहीत. ते थेट गाडीला किक मारून अर्जुनी मोरगाव गाठतात. काळा कार्डशीट, नारिंगी क्रेप, चमकी, कापूस अशी खरेदी होते. कोरायला लालबुंद भोपळा हवा असतो. बाजारात मिळतो पांढराफटक कोहळा. पप्पा त्याला रंग देण्याचा बेत आखतात, तोवर आजीनं तो वड्यांसाठी किसलेला असतो.

मग यूट्यूब लावून काम सुरू होतं. ज्याच्यासाठी हे सारं चाललंय, ते पोट्टं शेजारी मांडी घालून बसलेलं असतं.

“पप्पा, मी चिकटवू?”

“थांब बेटा, बिघडते.”

“मंग मी का करू?”

“तू झाकण धर.”

झाकण धरण्याच्या या जबाबदारीवर ‘मुलांसोबत’ची अट पूर्ण झाली, असं पप्पा मानतात.

“का करून राह्यला गा?” आजी विचारते.

“भूत करतो, आई. उद्या शाळेत न्यायचंय.”

आजीला यात नवल वाटत नाही. आपल्याकडे भूत शाळेत नेत नाहीत, गावाबाहेर नेतात, एवढाच तिला फरक दिसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाडीपट्टीत नारबोद नावाची बाहुली निघते. ढेकूण, डास, खोकला सगळं तिच्या गळ्यात बांधायचं आणि ओरडत शिवेबाहेर टाकून यायचं. नागपूरची काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून हेच काम करते आहे. जवळच गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. तिबेटी रिवाजातही लोसरच्या, म्हणजे नववर्षाच्या, तोंडावर कणकेची बाहुली करून वर्षाची पीडा तिच्यासोबत बाहेर टाकतात. म्हणजे पीडा हाकलायला बाहुलं लागतं, यावर नागपूर आणि तिबेटचं एकमत आहे.

पप्पांना मात्र हे आठवत नाही. लहानपणी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत याच माणसानं दारोदार बोजारा गोळा केला होता; कुणी कमी पैसे दिले तर दारातून हलला नव्हता. आज तोच शेजाऱ्यांना ‘ट्रिक ऑर ट्रीट’ समजावतो, जणू शिकागोत दोन दिवाळ्या काढून आला आहे.

रात्री उशिरा भूत तयार होतं. ते इतकं सुबक असतं की कोणत्याही साडेतीन वर्षांच्या मुलानं ते केलेलं नाही, हे लांबूनच कळावं. पप्पांची पंचाईत होते. मग ते डाव्या हातानं एक कान मुद्दाम वाकडा कापतात.

इकडे लेकरू झाकण ठेवून अंगणात गेलेलं असतं. पळसाला पानं तीनच, हे अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण मधल्या पानावर स्केचपेननं दोन डोळे काढले की बाजूच्या दोन पानांचे पंख होतात आणि फुकटात वटवाघूळ तयार होतं, हे या नर्सरीवाल्याला सुचलेलं असतं. तो ते पंख हलवत घरभर धावतो. आजी घाबरल्याचं नाटक करते. झाडीपट्टीत नाटक कुणाला शिकवावं लागत नाही.

पप्पाही कौतुकानं बघतात. “अरे वा! तू केलं? एकट्यानं?”

पोट्टा मान डोलावतो.

“शाब्बास! आण इकडे,” पप्पा कैची उचलत म्हणतात, “पंख बरोबर करून देतो.”