पांढऱ्या रेशनकार्डाचे विद्वान

विज्ञानाला देश नसतो म्हणतात. विज्ञानाच्या बिलाला मात्र असतो.

२०२० च्या नोव्हेंबरात ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने जाहीर केलं, की निबंध आमच्याकडे छापून तो साऱ्या जगाला फुकट वाचू द्यायचा असेल, तर लेखकाने ९,५०० युरो भरावेत. तेव्हाच्या भावाने आठ लाखांच्या वर. त्या वर्षी आपल्याकडे जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळवणाऱ्या संशोधकाला महिना ३१,००० रुपये मिळत. म्हणजे पोरगा सव्वादोन वर्षं जेवला नाही, खोलीचं भाडं बुडवलं, तर त्याचा एक निबंध छापून होतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं गणित मांडत नाही. त्यांचं मागच्या सत्राचं मानधन आधी जमा होऊ द्या.

पैसे न भरता छापायची सोयही आहे. मग तो निबंध वाचायला वाचकाने पैसे भरायचे. कुणीतरी भरायचेच, एवढं नक्की.

हा धंदा समजून घेण्यासारखा आहे. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा सरकार करतं. निबंध लेखक फुकट लिहितो. तो तपासायचं काम दुसरा कुणी प्राध्यापक फुकट करतो, तेही रविवारी. मग तोच निबंध त्या दोघांच्या ग्रंथालयाला विकत दिला जातो. एल्सेव्हियर हे बडं प्रकाशनगृह ज्या रेलएक्स कंपनीचं, तिच्या विज्ञान-वैद्यक विभागाचा नफा २०२३ साली शंभरामागे ३८ च्या आसपास होता. रॉबर्ट मॅक्सवेल या गृहस्थांना यातली गोम फार आधी कळली. त्यांनी पर्गमॉन प्रेस ही विज्ञान-नियतकालिकांची संस्था वाढवली आणि १९९१ मध्ये एल्सेव्हियरला ४४ कोटी पौंडांना विकली. फुकटच्या मालाला इतका भाव क्वचितच येतो.

पण प्रकाशकांना हृदय नाही असं कोण म्हणेल? गरीब देशांसाठी ‘रिसर्च फॉर लाइफ’ नावाची योजना आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये तिची सुरुवात केली. तिच्यात देशांचे दोन गट आहेत. पहिल्याला जवळपास फुकट, दुसऱ्याला स्वस्तात. छपाईचे दर माफ करतानाही अनेक प्रकाशक हीच यादी समोर ठेवतात. आपलं पिवळं आणि केशरी रेशनकार्डच म्हणा. शेजारचा नेपाळ यादीत आहे. भारत नाही, कारण आपली एकूण अर्थव्यवस्था फार मोठी. आपल्याला पांढरं कार्ड! दिल्लीत अर्थव्यवस्थेच्या आकाराचा जयघोष झाला, की हिंगोलीच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या बाईंचं बिल वाढतं. देशाचं उत्पन्न भागिले माणसं, हे गणित चौथीतली मुलं करतात. प्रकाशकांचा अभ्यासक्रम वेगळा असावा.

नुसता पैशाचाच प्रश्न असता तर हसून सोडून दिलं असतं. लायबेरियाचं उदाहरण घ्या. काही जर्मन संशोधकांनी लायबेरियातल्या लोकांचं रक्त तपासलं. त्यात इबोलाच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या. हा देश इबोलाच्या पट्ट्यात धरायला हवा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आणि १९८२ मध्ये ते युरोपातल्या एका नियतकालिकात छापून आलं. रक्त लायबेरियाचं, लेखकांत लायबेरियन एकही नाही. पुढे ३२ वर्षं लायबेरियाचे डॉक्टर इबोला आपल्याकडचा आजार नाही असंच समजत राहिले. २०१४ ची साथ आली आणि पश्चिम आफ्रिकेत ११,००० हून जास्त माणसं गेली. लायबेरियाच्या तेव्हाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलं, की असा एक निबंध उतरवून घ्यायला आजही ४५ डॉलर पडतात, तिथल्या डॉक्टरचा जवळपास अर्ध्या आठवड्याचा पगार. धोक्याची सूचना वेळेवर दिली होती हो. फक्त ज्याचा जीव जाणार, त्याने ती विकत घ्यायची होती.

शीर्षकातही प्रतवारी असते. २०२२ मध्ये समाजविज्ञानातल्या पाच लाखांहून जास्त निबंधांची शीर्षकं तपासणारा एक अभ्यास ‘पीएनएएस’ या नियतकालिकात आला. श्रीमंत देशांवरच्या निबंधांच्या शीर्षकात देशाचं नाव कमी वेळा येतं, गरीब देशांवरच्या निबंधांत जास्त. ओहायोच्या दोनशे विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली, की ‘मानवी निर्णयप्रक्रिया’ सिद्ध होते. सांगलीच्या दोन हजारांनी भरली, तर ती ‘पश्चिम महाराष्ट्रातील एक अभ्यास’. वर संपादकांचा प्रेमळ शेरा: आमच्या वाचकांना यात रस वाटेल का? सांगलीच्या वाचकाला ओहायोत रस आहे का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

आता थोडं आपल्या अंगणातही झाडू. निबंध मोजून बढती द्यायची, हा हिशेब कोणी लंडनहून लादलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, गुण लावले, विद्यापीठांनी रकाने आखले आणि मागणी तसा पुरवठा सुरू झाला. दोन-चार हजार रुपयांत आठ दिवसांत छापून देणारी ‘इंटरनॅशनल जर्नल्स’ गल्लोगल्ली निघाली. संपादक, मुद्रक, जागतिक मुख्यालय आणि स्वयंपाकघर, सगळं एकाच वन बीएचकेमध्ये. पैसे उकळणाऱ्या अशा नियतकालिकांवरचा २०१५ मधला एक आंतरराष्ट्रीय अभ्यास सांगतो, की त्यात लिहिणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लेखक भारतातले. चला, कुठेतरी आपलं वर्चस्व आहे! पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्याच मान्य यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेली नियतकालिकं नमुन्यादाखल तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त सुमार असू शकतात, असं निघालं. २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ नावं यादीतून काढली. मग नवी यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली. रकाने मात्र शाबूत आहेत.

दुसरा रस्ता नाही असं नाही. ब्राझीलने १९९७ मध्ये साओ पावलोत ‘सायेलो’ हे नियतकालिकांचं व्यासपीठ सुरू केलं. सार्वजनिक पैशावर उभं असलेलं, वाचकाला फुकट, स्पॅनिश-पोर्तुगीजची लाज न बाळगणारं. मेक्सिकोचं तसंच ‘रेडालिक’ २००३ पासून आहे. लेखकाकडून पैसे घेणाऱ्या नियतकालिकाला आता तिथे प्रवेशच नाही. याचं कौतुक कसं झालं? जेफ्री बील हे तेव्हा अमेरिकेत ग्रंथपाल, भामट्या प्रकाशकांची यादी करून गाजलेले. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर सवाल केला: सायेलो ही प्रकाशनांची झोपडपट्टी आहे का? ३८ टक्के नफा घेणारा तो टॉवर, फुकट वाचू देणारी ती झोपडपट्टी. नगररचनेचे हे नियम मुंबईकरांना समजावून सांगायला नकोत.

आपणही हातावर हात धरून बसलेलो नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’खाली केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं २०२५ पासून सरकारी संस्थांत वाचायला मिळू लागली. तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या पोराला ती उघडता येतात, ही चांगलीच गोष्ट. पण हे पैसे मुख्यतः वाचण्याचे. प्रकाशकांनी वसुलीची खिडकी लेखकाच्या बाजूला हलवायला घेतली, नेमकं तेव्हा आपण वाचकाच्या खिडकीवर ६,००० कोटी मोजले. त्यातले वर्षाला शे-दोनशे कोटी आपल्याच बऱ्या नियतकालिकांना दिले, तर त्यांना संपादक, छाननी आणि धड चालणारी वेबसाइट मिळेल.

मग लगेच प्रश्न येतो: आपल्याकडे छापलं तर जग वाचेल का? चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये आपला शोध कलकत्त्याच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापला. १९३० मध्ये नोबेल मिळालं. स्टॉकहोमच्या लोकांनी नियतकालिकाची पत मोजणारा इम्पॅक्ट फॅक्टर विचारला नाही. तो तेव्हा जन्मालाच आला नव्हता. आज तोच निबंध घेऊन रामन सहयोगी प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला गेले, तर ‘स्कोपसमध्ये आहे का?’ हा पहिला प्रश्न. स्कोपस ही नियतकालिकांची सूची एल्सेव्हियरचीच. माल त्यांचा, तराजू त्यांचा आणि मापात बसलो नाही म्हणून मान खाली घालायची आपण.

प्रकाशकांचे दर आपल्या हातात नाहीत. तराजू आहे. निवड समितीने उमेदवाराचे निबंध मोजण्याऐवजी त्यातले दोन वाचून यावेत. त्याला ना युरो लागतात, ना कुठल्या यादीची मान्यता. अडचण एकच, ते वाचावे लागतात.