साधेपणाचा सेल

ज्या वस्तूने आनंद होत नाही ती घराबाहेर काढा, असं जपानच्या मारी कोंडो यांनी सांगितलं. २०१९च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली, लोकांनी भराभर कपाटं रिकामी केली. नोव्हेंबरात बाईंनी ती पुन्हा भरायला ऑनलाइन दुकान थाटलं. मन शांत करायला नादकाटा आणि स्फटिक, फक्त ७५ डॉलर! तीन मुलं झाल्यावर, २०२३मध्ये, आवराआवर जवळपास सोडल्याचं त्यांनीच सांगून टाकलं. समाधान मिळालं म्हणायचं, पण विक्रीनंतर.

आमच्याकडे आजी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मोहरी भरते आणि दुपारी डाराडूर झोपते. हा डबा आनंद देतो का, असं तिला विचारा. म्हणेल, “आनंदाचं माहीत नाही रे बाबा, मोहरी देतो.”