रिकामं रान

विश्व का आहे, हा प्रश्न मोडनिंबच्या बाजारात विचारून बघा. "का म्हंजी? नसून जाईल कुठं?" असं उलट विचारतील. हसण्यावारी नेऊ नका. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने 1714 मध्ये हेच विचारलं होतं: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? त्याच्या मते काही असण्यापेक्षा काहीच नसणं सोपं, बिनकष्टाचं. मग विश्वाने एवढा व्याप मांडलाच कशाला?

लायब्निट्झला कोरडवाहू जमीन नसावी. शेजारच्या रानातले आबा बांधावर तंबाखू मळत बसले होते, त्यांना मी त्याचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, मोकळं रान मोकळं ठेवणं सोपं असतंय व्हय? एक पावसाळा हात लावू नका. हराळी, कुंदा, काँग्रेस गवत... ह्यातलं पेरावं काय लागतंय?" खरंच आहे. नांगरट, कुळवणी, खुरपणी आणि वर तणनाशक, एवढ्या खर्चाने 'काहीच नाही' हातात येतं, आणि तेही एका पावसापुरतं.

लायब्निट्झ म्हणेल, आबा, माती आणि हराळीच्या मुळ्या आधीपासून होत्याच की; त्या कुठून आल्या? इथे आबा तंबाखू दाढेखाली सरकवून गप्प बसतात. ऋग्वेदातलं नासदीय सूक्तही शेवटी जवळजवळ तेच करतं: वरून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, नाहीतर त्यालाही नसेल.

दुसरा प्रश्न याहून नाजूक. हे सगळं मुळात मनाचंच तर नव्हे? आयर्लंडच्या जॉर्ज बर्कलीने 1710 मध्ये ठणकावून सांगितलं की वस्तूचं असणं म्हणजे कुणाच्या तरी जाणिवेत असणं. हिवाळ्यात बोरीच्या बागेत याचा पडताळा रोज येतो. राखणदाराची नजर हटली की बोर अस्तित्वात राहत नाही. शाळा सुटायच्या वेळी तर अख्खं झाड मनोमय होऊन जातं. बर्कलीने ही अडचण ओळखून कधीच डोळा न लागणारा ईश्वर राखणीला बसवला. आपल्याला तसा गडी परवडत नाही.

ज्ञानेश्वरांची तऱ्हा निराळी. चांगदेवांनी त्यांना कोरं पत्र पाठवलं आणि त्याचं उत्तर 65 ओव्यांचं आलं, असं सांगतात. तीच 'चांगदेव पासष्टी'. तिचं सार असं की पाहणारा आणि दिसणारं जग हे दोन नव्हेतच. एकच चैतन्य दोन्ही बाजूंनी नटलेलं आहे. म्हणजे जग खोटं म्हणून टाकून द्यायचं नाही; तो त्या चैतन्याचाच विलास. आणि विलासाला कारण विचारत नाहीत.

मला यात दोन्ही प्रश्नांची गाठ बसलेली दिसते. डोळे मिटून, मन रिकामं करून बसून बघा. उसाचं बिल, पाहुण्यांकडचं लग्न, जळालेली मोटार, सगळं आपसूक उगवून येतं. रान निदान औषधाला दाद देतं, मन तेवढीही देत नाही. विश्व जर मनच असेल, तर ते 'का आहे' हा प्रश्न निम्मा सुटला. कुठलं मन कधी कोरं राहिलंय? चांगदेवांचा कागदसुद्धा राहिला नाही.

उरला निम्मा: हे मन कुणाचं? आमचं नव्हे, एवढं मी खात्रीने सांगतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. जग आमच्या मनातून निघालं असतं तर 1972 चा दुष्काळ कुणाच्या मनात आला असता? आणि आम्ही कांदा गाडीत भरला की दर पडतात, हे कुणी योजलं असतं?

हे आबांना विचारलं. त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "त्येच्या मनात असंल तर पडंल पाऊस."

बर्कलीला एवढंच सांगायला अख्खं पुस्तक लिहावं लागलं.