ऑल राइट

सकाळी सातला आमच्या सोसायटीतला पहिला फोन वाजतो तो तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे. पलीकडून फक्त विचारतात, "ऑल राइट?" यावर "ऑल राइट" म्हणायचं आणि फोन ठेवायचा, एवढाच करार आहे. पण वकीलसाहेब एक्क्याऐंशी वर्षांचे झाले तरी वकीलच. ते विचारतात, "कोणत्या अर्थानं?" मग रात्रीची झोप, सकाळचं पोट, गुडघा आणि शेजारच्या प्लॉटवरचं बांधकाम असं कलमवार चालू होतं आणि नानांची गाडी पहिल्याच स्टेशनात चार मिनिटं लेट होते.

नाना म्हणजे आमच्या इमारतीचे गार्ड. पहारेकरी नव्हे, रेल्वेचे गार्ड. सगळी नोकरी दौंड-मनमाड पट्ट्यात गेली, त्यातली बरीचशी मालगाडीच्या मागच्या डब्यात. २०२२ साली रेल्वेनं गार्डचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. तेव्हा नानांना निवृत्त होऊन दहा-एक वर्षं झाली होती, तरी पेढे त्यांनीच वाटले. वय त्र्याहत्तर. खिशात शिट्टी. हिरवा झेंडाही आहे, पण तो आता फोडणीच्या कढईवर झाकण ठेवताना धरायला लागतो.

डहाणूकर कॉलनीतली आमची इमारत तीन मजली आणि बिनलिफ्टची. बांधली तेव्हा सगळे तरुण होते. लिफ्टचा खर्च कशाला, असा ठराव एकमतानं झाला होता. त्या ठरावावर सह्या करणारे अकरा जण आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि एकेक पायरी त्या ठरावाची आठवण काढत चढतात. मुलं न्यू जर्सीत, सिडनीत आणि बावधनला. यात बावधन सगळ्यात लांब. न्यू जर्सीहून रोज व्हिडिओ कॉल येतो.

या अकरा जणांची एकच मागणी आहे : आम्हाला इथून हलवू नका. वृद्धाश्रम नको, मुलाकडं नको, चोवीस तासांची बाई नको. आपलं घर, आपला गॅस, आपली किल्ली. नानांनी हे व्रत अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पैसे तर नाहीतच. उलट दोरी, खिळे, बॅटऱ्या यांचा खर्च त्यांच्याच खिशातून होतो.

आता खरं सांगायला हवं. नानांच्या हाताला गुण नाही. अजिबात नाही. मदतीची तळमळ इतकी आणि हातात कसब इतकं कमी, हे गणित देवानं कुठल्या मुहूर्तावर मांडलं कोण जाणे.

माईंचं उदाहरण घ्या. दुसरा मजला, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त मराठी शिक्षिका. त्यांच्या मोरीचा नळ गळत होता. नाना पान्हा घेऊन गेले. माईंनी बॅटरी धरली. नानांनी वॉशर काढला, तो घरंगळत जाळीत गेला. मग पाण्याची तोटी बंद करायची राहिली आहे हे दोघांना एकदमच कळलं. माई ओट्याखाली वाकल्या, तोटी बंद केली, नानांच्या हातातून पान्हा घेतला, डब्यातून जुना वॉशर शोधला आणि नळ बसवला. नाना बॅटरी धरून उभे. जाताना म्हणाले, "काही लागलं तर हाक मारा." माईंनी त्या दिवसापासून घरात दोन वॉशर आणि एक पान्हा ठेवला आहे. कुणाला हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून.

असंच तात्यांचं. तात्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, वय शहाऐंशी. त्यांच्या गोळ्यांसाठी नानांनी सात कप्प्यांचा डबा आणला. डब्यावर इंग्रजी अक्षरं होती. ती खरवडून नानांनी मार्करनं मराठी वार लिहिले. सो, मं, बु, गु, शु, श, र. पंधरा दिवसांत शुक्रवारचा उकार पुसला गेला आणि डब्यात दोन शनिवार झाले. तात्या शनिवार करतात. त्या आठवड्यात त्यांनी लागोपाठ दोन दिवस उपास केला आणि तिसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात गर्दी का नव्हती म्हणून पुजाऱ्याला विचारलं. गोळ्या मात्र चुकल्या नाहीत, कारण तेव्हापासून तात्या डब्यावर विश्वास न ठेवता रोज सकाळी पेपरावरचा वार वाचतात, मग कॅलेंडर बघतात, मग चष्मा पुसून गोळीचं नाव वाचतात. डॉक्टर म्हणाले, या वयात इतका सावध पेशंट पाहिला नाही.

किल्ल्यांची गोष्ट तर सोसायटीच्या इतिहासात नोंदण्यासारखी आहे. एकट्या राहणाऱ्या माणसाची जादा किल्ली शेजारी असावी, ही गोष्ट शहाणपणाची. नानांनी अकराही घरांच्या किल्ल्या श्रीखंडाच्या डब्यात गोळा केल्या. चोराच्या हाती डबा लागला तर? म्हणून किल्ल्यांवर नावं न लिहिता स्टेशनांची नावं लिहिली. माई म्हणजे बेलापूर, तात्या म्हणजे कोपरगाव वगैरे. ही यादी नानांच्या डोक्यात. एकदा माईंनी फोन उचलला नाही. नाना डबा घेऊन धावले. बेलापूर लागेना. राहुरी लागेना. विसापूर तर कुलपात शिरेना. आठव्या किल्लीला आतून आवाज आला, "कोण खुडबुड करतंय?" माईंनी दार उघडलं. अंघोळीला गेल्या होत्या. नानांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घड्याळात वेळ बघून वहीत नोंद केली : बेलापूर, ऑल राइट, २२ मिनिटं उशिरा.

मी वरच्या मजल्यावर राहतो आणि साठीच्या आत आहे, त्यामुळे मला नानांनी न विचारता मदतनीस नेमलं आहे. माझं काम म्हणजे स्मार्टफोन. तेवढ्या ओळखीवर एकदा मी धीर करून म्हणालो, "नाना, प्लंबरला बोलावत जा ना. मी नंबर देतो."

नाना म्हणाले, "प्लंबर नळ बसवून जाईल. मग?"

"मग काय? नळ बसला."

"गार्ड गाडी चालवतो का?" नाना म्हणाले. "गाडी ड्रायव्हर चालवतो. गार्ड मागे असतो. बस."

हे तत्त्वज्ञान आहे की पान्हा धरता येत नसल्याची सबब, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा शंका आली की हा माणूस मुद्दाम चुकत असेल, म्हाताऱ्यांचे हातपाय हलते राहावेत म्हणून. पडताळा करायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्याही मोरीचा नळ गळत होता. नळाला सुतळी बांधली होती आणि सुतळीवरून पाणी आवाज न करता बादलीत उतरत होतं. भिंतीवरचं कॅलेंडर जुलैवर थांबलेलं, महिना नोव्हेंबर. शंका फिटली.

पण नानांचं वाचन दांडगं. म्हातारपणी खरं संकट चोर नव्हे, पडणं, हे त्यांना कुठूनसं कळलं. मग त्यांनी घराघरांतली पायपुसणी जप्त केली, संडासात धरायला दांडे बसवून घेतले (ते सुताराकडून, देवाची कृपा) आणि रात्रीचे छोटे दिवे लावले. याच वाचनातून त्यांच्या हाती एक चाचणी लागली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका. डॉक्टर खरोखरच ही चाचणी घेतात. पण डॉक्टर शिट्टी वाजवत नाहीत.

रविवारी सकाळी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये खुर्ची मांडली. खडूनं रेघ आखली. शिट्टी. तात्यांना चौदा सेकंद लागले. वकीलसाहेबांना तेरा, पण त्यांनी पंचांच्या घड्याळावर आक्षेप नोंदवला. माई अकरा सेकंदांत परतल्या. तात्यांनी ओरडा केला, "बाई पळाल्या! पळणं चालत नाही!" माई म्हणाल्या, "धावल्या म्हणा. पळून जातात ते चोर." त्या दिवसापासून तात्या दुपारी जिन्याच्या कठड्याला धरून उठबशा काढू लागले. दोन महिन्यांनी बारा सेकंदांच्या आत आले आणि त्या रविवारी ते माईंशी बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

मधल्या काळात एक फोन आला होता माईंना. कुणी पोलीस अधिकारी म्हणवणारा गृहस्थ म्हणाला, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. अशी अटक कायद्यात नाही, हे नानांनी जिन्यातल्या फळ्यावर महिनाभर लिहून ठेवलं होतं, खाली ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा आकडाही. माईंनी त्याला सांगितलं, "थांबा, आमच्या गार्डना देते." नाना आले. त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, कुठून बोलता? तो म्हणाला, मनमाडहून. हे त्याचं दुर्दैव. नानांनी त्याला मनमाड यार्डातल्या शंटिंगपासून सुरुवात केली. चाळिसाव्या मिनिटाला अटक करणाऱ्यानंच फोन ठेवला.

नानांचा खरा मोसम नोव्हेंबर. हयातीचा दाखला. पेन्शनीत निघालेल्या माणसानं दरसाल आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं असतं. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ऐंशी पार केलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे, म्हणून तात्यांची गाडी आधी सुटते. आता हे काम मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, आणि इथे मी कामाला येतो. मोबाइल सांगतो, डोळे मिचकावा. मोतीबिंदू काढलेले, दोन-दोन चष्म्यांचे, मिचकावणं हा प्रकार आयुष्यात सभ्य न मानलेले डोळे. माई म्हणाल्या, "परपुरुषासमोर हे मला जमणार नाही." मी माझं तोंड भिंतीकडे केलं, तेव्हा त्या सरकारदरबारी हयात झाल्या.

ज्यांना मोबाइल पसंत नाही त्यांना नाना स्वतः बँकेत नेतात. रिक्षा दारात, हात दंडाला धरलेला आणि मोठ्यानं मोजणी : "सावकाश. पायरी आहे. एक. दोन. आता सपाट." हे ऐकून म्हाताऱ्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. वकीलसाहेब म्हणतात, पायरीपेक्षा या मोजणीनं मी पडेन. गेल्या नोव्हेंबरात ज्यांना दाखला लागतो त्या सगळ्यांच्या नावांपुढे फळ्यावर बरोबरच्या खुणा झाल्या. नानांनी फळा पुसला आणि वर्ष आटोपलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कळलं की नानांचं डिसेंबरचं पेन्शन जमा झालेलं नाही. फळ्यावर त्यांचं स्वतःचं नाव नव्हतंच.

ही बातमी सोसायटीत ज्या वेगानं पसरली तो वेग बारा सेकंदांच्या बराच आत होता. मी म्हणालो, माझ्या मोबाइलवर घरबसल्या करून टाकू. तात्यांनी मला उडवून लावलं. "मोबाइल नाही. बँकेतच न्यायचं. व्यवस्थित." तीन रिक्षा ठरल्या. नाना "अहो, मी जाईन ना एकटा" म्हणत होते, पण माईंनी त्यांच्या एका दंडाला धरलं आणि तात्यांनी दुसऱ्या. बँकेच्या दारात चार पायऱ्या आहेत.

"सावकाश," तात्या म्हणाले.

"मला दिसतंय," नाना म्हणाले.

"पायरी आहे," मागून सगळे.

"मला दिसतंय!"

"एक," माई म्हणाल्या. "दोन. पाऊल पूर्ण टेकवा. तीन."

आत बँकेतल्या मुलीनं विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?" नऊ हात वर गेले. यंत्रावर बोट ठेवलं, ठसा उठेना. अंगठा, तर्जनी, डावा, उजवा. थंडीत कातडी वाळते आणि वयानं रेषा झिजतात, हे नानांनीच आम्हाला दरवर्षी सांगितलेलं. वकीलसाहेबांनी तिथेच त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. शेवटी त्या मुलीनं मोबाइल काढला. "काका, कॅमेऱ्यात बघा. डोळे मिचकावा."

नाना बघत राहिले. मिचकावेनात. आयुष्यभर रात्रीच्या रुळांकडे बघत बसलेला माणूस; त्याला टक लावायला सांगा, तासभर लावील.

"नाना, मिचकाव की रे," तात्या.

"मिचकावतोय!"

"हे मिचकावणं नाही," माई म्हणाल्या, "हे वटारणं आहे."

मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. रांगेतली माणसं आपापले डोळे मिचकावून नमुना दाखवू लागली. तात्यांनी नानांच्याच खिशातली शिट्टी काढून त्यांच्या कानाशी फुंकली. नाना दचकले, पापण्या लवल्या, मोबाइलवर हिरवी खूण उमटली.

वकीलसाहेब पुढे झाले. चष्मा सावरला. गंभीरपणे विचारलं, "ऑल राइट?"

नानांनी शिट्टी परत घेतली, धोतरासारखी पँट वर ओढली आणि म्हणाले, "कोणत्या अर्थानं?"